सतरा नंबरचा दिवा

टेम्पो दारात लागला तेव्हा ताई शिडीवर होती, आणि शिडीवरून तिला पहिल्यांदा दिसलं ते हे, की धाकट्या भावानं अप्पांसाठी नवी खुर्ची आणली आहे.

साधीसुधी नाही. पाठीला टेकू, हातांना गादी, खाली चाकं. ज्या माणसानं अडतीस वर्षं लाकडी स्टुलावर बसून तालमी घेतल्या, ताईनं दोनदा आणलेली उशी दोनदा परत पाठवली, तो माणूस त्या खुर्चीत मुकाट्यानं बसला. वर "बरी आहे" असंही म्हणाला. ताईच्या अंगाचा असा तिळपापड झाला की तिनं हातातला पाना उलट्या बाजूला फिरवला, आणि सतरा नंबरच्या दिव्याचा नट गंजलेल्या आट्यात कायमचा अडकून बसला. बाकीचे तेवीस दिवे उतरून खोक्यांत गेले होते. हा एकच वर राहिला.

"काय झालं गं?" खालून आत्यानं विचारलं. आत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण, विभागाच्या कपडेपटाची मालकीण.

"काही नाही. नट अडकला."

"नटांचं तेच असतं," आत्या म्हणाली आणि पुन्हा टोप्या मोजायला लागली.

आज गोदाम रिकामं व्हायचं होतं. विद्यापीठाच्या मागच्या फाटकाशी, छापखान्याचा कागद ठेवायला बांधलेलं हे लांबट गोदाम. अप्पांनी ते आठवड्यातून दोन संध्याकाळी मागून घेतलं आणि पुढे कधी परत दिलंच नाही. तेव्हा अप्पा भाषा शिकवायचे आणि त्यांच्या नाटकाच्या वर्गाला बारा विद्यार्थी होते, त्यातले अकरा हजेरीपुरते. मग वर्गाची पदविका झाली, पदविकेची पदवी झाली. शेजारची सायकलींची शेड गाण्यानं बळकावली, तिच्यावरची गच्ची नाचानं. आठ वर्षांपूर्वी धाकटा सिनेमे करून परत आला आणि चित्रपटाची शाखा सुरू झाली, तेव्हापासून मात्र प्रवेशाच्या दिवशी रांग फाटकाबाहेर जायला लागली. ती रांग कुणासाठी असते हे ताईला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच्याकडे वीस जागांना तीनशे अर्ज, तिच्याकडे वीस जागांना चौदा.

आता सगळ्यांसाठी चार मजली इमारत उभी राहिली होती. दोन नाट्यगृहं, एक स्टुडिओ, संकलनाच्या सहा खोल्या. सगळे एका छपराखाली, म्हणून विभागप्रमुखही एकच. निवड समितीनं चाळून चाळून शेवटी दोन नावं ठेवली, आणि दोन्ही एकाच घरातली निघाली. कुलगुरूंनी हात झटकले आणि संस्थापक म्हणून अप्पांचा लेखी अभिप्राय मागवला. अप्पा म्हणाले, "गोदाम रिकामं होईल त्या दिवशी देतो." त्याला तीन आठवडे झाले. या तीन आठवड्यांत घरात कुणी कुणाशी सरळ बोललं नव्हतं.

ताई सहा वर्षं प्रभारी विभागप्रमुख होती. तिच्या दारावरच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं, आणि 'प्रभारी' हा शब्द बाकीच्यांपेक्षा जरा मोठ्या अक्षरात पडला होता असं तिला रोज सकाळी वाटायचं. विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर फोटो आला तो धाकट्याचा, कॅमेऱ्याला डोळा लावलेला. त्याच फोटोत मागे, धूसर, शिडीवर कुणीतरी बाई होती. ती बाई म्हणजे ताई. तिनं ते माहितीपत्रक कुणाला दाखवलं नाही, पण फेकलंही नाही.

आणि एवढं पुरेसं नव्हतं म्हणून तिच्या पोटच्या पोरीनं, चिमणीनं, दोन वर्षांपूर्वी प्रवेश घेतला तो मामाच्या शाखेत.

"आई, उतर आता," चिमणी खालून ओरडली. "मामा म्हणतोय तो दिवा आपण नंतर बघू."

"मामा म्हणतोय ना? मग झालंच," ताई म्हणाली आणि उतरली.

पाना पिशवीत टाकून ती मागच्या खोलीत पेट्या बांधायला गेली. तिथे वहिनी आधीच दोरी घेऊन बसली होती. वहिनी, म्हणजे धाकट्याची बायको, संकलक होती. एका सेकंदाचे पंचवीस तुकडे करून त्यातला नेमका नासका तुकडा शोधायचा, हे तिचं रोजचं काम. बोलायचीही तशीच, नको ते कापून.

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"उद्घाटनाला जुन्या प्रयोगांची फिल्म लावायचीय ना, मी आणि चिमणी करतोय ती. त्यासाठी जुन्या कॅसेट बघत होते. त्यात ह्यांच्या शेवटच्या नाटकाची एक सापडली. मागच्या रांगेतून कुणीतरी घेतलेली."

ताईच्या हातातली दोरी थांबली.

"लग्न झाल्यापासून मी ऐकतेय," वहिनी म्हणाली, "की शेवटच्या भाषणाला हे जागा चुकले आणि अंधारात राहिले. मी ती कॅसेट चार वेळा बघितली. ह्यांचे पाय बरोबर खुणेच्या खिळ्यावर आहेत, ताई. दिव्याचा उजेड खाली गेलाय. आणि बिघडलेला दिवा पटकन जातो. हा हळूहळू गेलाय. कुणीतरी हातानं नेल्यासारखा."

बाहेर आत्या कुणालातरी टोपी घालून हसत होती. ताईला ते हसू फार लांबून ऐकू आलं.

"कुणाला दाखवलीस?"

"कुणाला नाही." वहिनीनं गाठ मारली. "अजून."

"काय पाहिजे तुला?"

"मला कुठे काय पाहिजे? तुम्हीच अप्पांना म्हणालात की मला नको, धाकट्याला द्या, तर किती छान दिसेल. घरातलं घरात. मग ती कॅसेट फिल्ममध्ये घ्यायची वेळच येणार नाही. जागाही कमीच आहे हो, बारा मिनिटांत काय काय घालणार?"

ती पेटी उचलून निघून गेली. ताई तिथेच बसून राहिली. वहिनीचा राग यावा असं तिला फार वाटत होतं, आणि येत होती ती भीती.

सत्तावीस वर्षं झाली त्याला. ताई पंचवीस वर्षांची होती, गोदामाच्या टोकाला, दिव्यांचा उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरच्या पेटीशी बसायची. चोवीस दिवे, चोवीस दांड्या. अप्पांचं स्टूल तिच्या शेजारी. धाकटा वीस वर्षांचा, नाटकाचा नायक. शेवटचं भाषण नऊ वाक्यांचं. जमिनीत ठोकलेल्या पितळी खिळ्यावर उभं राहून करायचं, आणि वरून फक्त सतरा नंबर. प्रयोगाच्या दिवशी सकाळी तालीम झाली आणि त्या भाषणाला अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईनं ते शेजारून पाहिलं. आई गेली तेव्हाही अप्पा चारचौघांत रडले नव्हते. ताईच्या कुठल्याही कामाला तर कधी 'छान' एवढंही नाही, फार फार तर 'हं'. दिवसभर ते पाणी तिच्या डोळ्यांपुढून हललं नाही. आणि प्रयोगाला, धाकट्यानं पहिलं वाक्य घेतल्या घेतल्या, तिच्या हातानं सतरा नंबरची दांडी खाली आणायला सुरुवात केली. तिला थांबवता आलं असतं. तिनं थांबवलं नाही. नऊच्या नऊ वाक्यं तो अंधारात बोलला. लोक खोकायला लागले.

प्रयोग संपल्यावर अप्पांनी त्याला एवढंच विचारलं, "जागा कुठे सोडलीस?" पुढच्या वर्षी त्याला नाटकात घेतलं नाही. तो रागारागानं घर सोडून गेला, कुणाच्यातरी हाताखाली कॅमेऱ्याच्या पेट्या उचलायला लागला, आणि पुढचं सगळं या घरातल्या भिंतींवर फ्रेम करून लावलेलं होतं. म्हणजे त्याला मोठा केला तो तिनंच. हा विचार तिला अनेकदा यायचा, आणि दर वेळी त्यानं पोटात दुखायचंच.

चारच्या सुमाराला चहा आला. अर्धं सामान गेलं होतं आणि गोदामात बोललेलं घुमायला लागलं होतं. अप्पा नव्या खुर्चीत, आत्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर, बाकीचे उलट्या खोक्यांवर. चिमणी वही-पेन घेऊन मध्ये बसली.

"आजोबा, नव्या इमारतीच्या दाराशी दगड बसवायचाय. त्यावर विभागाचा उद्देश. एक वाक्य. कुलगुरूंच्या ऑफिसातून तीनदा फोन आलाय."

"मामाला विचार," ताई म्हणाली. "मुलाखती देऊन देऊन त्याला वाक्यांची सवय झालीय."

धाकटा हसला. त्याला टोमणे लागत नाहीत, निदान दिसत तरी नाहीत, आणि ताईला त्याचाच जास्त राग यायचा. "साधं आहे, ताई. पोरांना गोष्ट सांगता आली पाहिजे आणि बाहेर पडल्यावर काम मिळालं पाहिजे. मिळतंय. माझी पोरं बघ कुठे कुठे आहेत."

"तुझी पोरं! पहिल्या वर्षाला सहा महिने पडद्यामागे काम केल्याशिवाय कुणाला पुढे सोडायचं नाही, हा नियम कुणाचा? तुझी पोरं वेळ पाळतात ती कुणामुळे?"

"तुझ्यामुळे. मी कुठे नाही म्हणतोय?"

"पेपरात तर तसं नव्हतं. पेपरात होतं, 'शूटिंग संपल्यावर सगळ्यांकडून चुकांची वही लिहून घेण्याची त्यांची पद्धत'. त्यांची!"

"त्यांनी तसं छापलं. मी अप्पांचं नाव सांगितलं होतं."

"आणि माझं?"

धाकट्यानं चहाचा घोट घेतला. "तुझं राहिलं," तो म्हणाला.

"ती चिडलीय कशानं, माहितीय का?" आत्या वहिनीला मोठ्यानं म्हणाली. "तीनशे अर्जांनी. माझ्या कपडेपटाला आजवर एकही अर्ज आलेला नाही, मी चिडले का?"

"आत्या, तू गप्प बस हं जरा," ताई आणि धाकटा एकदमच म्हणाले. बऱ्याच दिवसांनी दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं होतं.

अप्पांनी कप खाली ठेवला. "मी हे गोदाम मागायला गेलो तेव्हा त्या वेळच्या कुलगुरूंनी हेच विचारलं होतं. नाटक शिकवून विद्यापीठाला काय मिळणार? मी म्हटलं, शिकलेल्या माणसाला चारचौघांत आपली चूक सांगता येईल. त्यांना वाटलं मी विनोद करतोय. हसले आणि किल्ली दिली."

"हे लिहू दगडावर?" चिमणीनं विचारलं.

"नको. दगडावर लिहिलं की कुणी वाचत नाही. वह्या कुठे आहेत?"

वह्या खिडकीखालच्या पेटीत होत्या, एकतीस. प्रत्येक प्रयोगानंतर, तोंडाचा रंग पुसायच्या आधी, सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि वहीत आपली चूक लिहायची, मग ती स्वतः मोठ्यानं वाचायची. नियम दोनच. फक्त आपली लिहायची, दुसऱ्याची नाही. आणि 'कारण' हा शब्द लिहायचा नाही. दिवा लागला नाही, पाय घसरला, शेजारचा ओळ विसरला, यातलं काही अप्पांना नको असायचं. काय चुकलं तेवढं लिही आणि वही पुढे दे.

चिमणीनं पेटी उघडली आणि हाताला येईल ती वही चाळायला लागली. "अय्या, आत्याआजी, 'राजाला शिपायाची चप्पल दिली.' आणि हे बघ, 'शिंकलो.' नुसतंच शिंकलो!" मग तिला नववी वही मिळाली. "मामा, हे तुझं अक्षर! 'शेवटच्या भाषणाला मी माझ्या जागेपासून दोन हात डावीकडे उभा राहिलो.' दोन हात? मामा, तू पोरांना एका बोटाच्या चुकीसाठी ओरडतोस!"

सगळे हसले. धाकटाही हसला. वहिनी हसली नाही, तिनं ताईकडे बघितलं. चिमणीनं पान उलटलं.

"आणि हे आईचं. 'पहिल्या प्रवेशात पडद्याचा इशारा दोन सेकंद उशिरा दिला.' बघा, आमची आई. दोन सेकंद!"

ताईला त्या क्षणी कळलं की धाकट्याला माहीत आहे. त्या रात्री त्यानं हे वाक्य वाचलं तेव्हा तिला वाटलं होतं, अंधारामुळे त्याचाच तसा समज झाला असेल. त्याला पहिल्यापासूनच माहीत असणार. आपण खिळ्यावर आहोत की नाही हे नटाच्या पायाला कळतं. त्यानं ते वाक्य लिहिलं तेव्हा तो तिची चूक आपल्या नावावर घेत होता, आणि सत्तावीस वर्षं त्यानं तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या आधी, अगदी आधी, तिच्या मनात आलं ते हे, की मोठेपणसुद्धा यालाच मिळायचं होतं तर!

"अप्पा," ती उठून म्हणाली, "मला काहीतरी सांगायचंय. त्या प्रमुखपदाबद्दल."

वहिनीनं मान खाली घातली. तिला वाटलं, काम झालं.

"सांगायचं नाही," अप्पा म्हणाले. "आज या गोदामातला शेवटचा दिवस आहे. लिहायचं. सगळ्यांनी. चिमणे, शेवटची वही काढ, तिच्यात दोन पानं कोरी आहेत. गोल करा."

"अहो अप्पा, टेम्पोवाला थांबलाय," धाकटा म्हणाला.

"थांबू दे. अडतीस वर्षांच्या चुका आहेत."

गोल झाला. वही आत्याकडून सुरू झाली. आत्यानं पटकन लिहिलं आणि वाचलं, "मला जे नट आवडायचे नाहीत त्यांना मी मुद्दाम टोचणारे कपडे दिले." चिमणी खो खो हसली आणि तिनं लिहिलं, "आईला न विचारता मामाकडे प्रवेश घेतला." हे वाचताना तिनं आईकडे बघायचं टाळलं. वही वहिनीच्या मांडीवर आली. वहिनीनं एक ओळ लिहिली आणि वाचली, "आज एक गोष्ट बोलले, ती बोलायची नव्हती." धाकट्यानं चमकून बायकोकडे बघितलं.

मग ताई.

माघार लिहायची असेल तर एक ओळ पुरे होती. ती लिहिली की कॅसेट कपाटात जाईल, धाकटा प्रमुख होईल, सगळे म्हणतील ताईचं मन किती मोठं. पण मग तिच्याकडे उरलेलं हे एक मोठेपणही खोटंच असणार होतं. तिनं सत्तावीस वर्षांपूर्वीची तारीख घातली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

"शेवटच्या भाषणाला सतरा नंबरचा दिवा मी खाली घेतला," तिनं वाचलं. "मुद्दाम घेतला. मी जळत होते."

टेम्पोवाल्यानं बाहेर भोंगा वाजवला आणि आत्या दारापर्यंत जाऊन त्याला काहीतरी बोलून आली.

"आई?" चिमणी म्हणाली.

"मला माहीत होतं, ताई," धाकटा हळू आवाजात म्हणाला. "जाऊ दे आता."

"नाही जाऊ द्यायचं. कशाला घेतलीस माझी चूक? मागितली होती मी?"

"तू पेटीशी बसून थरथरत होतीस. आणि मला काय कमी होतं? सकाळी अप्पा रडले होते माझ्या भाषणाला. तुला कधी काही मिळालं नव्हतं. म्हटलं, घेऊ एक चूक."

हे ऐकून ताईला जे वाटलं ते कुठल्याही वहीत लिहिता आलं नसतं. कुणी आपली कीव करावी आणि ती खरी असावी, याइतकं झोंबणारं दुसरं काही नाही.

अप्पांनी हात पुढे केला. "वही द्या इकडे." त्यांनी चष्मा वर केला आणि सावकाश लिहिलं. आता त्यांना एका ओळीला बराच वेळ लागायचा. मग वाचलं, "दिवा खाली जाताना मी पाहिला. तरीही पोराला विचारलं, जागा कुठे सोडलीस."

"तुम्ही पाहिलं होतं?" ताई म्हणाली. "कसं पाहिलंत? तुम्ही तर त्याच्याकडे बघत होतात."

"त्याच्याकडे कशाला बघू? भाषण मला पाठ होतं, मीच लिहिलेलं. मी तुझ्या हाताकडे बघत होतो."

"माझ्या हाताकडे?"

"रोज बघायचो. म्हणून तर स्टूल तिथे ठेवलं होतं. स्टेजवर रोज तेच व्हायचं. तुझा हात रोज काहीतरी वेगळं करायचा."

"मग त्या सकाळी..." धाकटा म्हणाला. तो हसत नव्हता. "अप्पा, त्या सकाळी तुम्ही रडलात ते?"

अप्पांना खोटं बोलता आलं असतं. ब्याऐंशीव्या वर्षी माणसाला तेवढी सवलत असते. पण वही अजून त्यांच्या मांडीवर उघडीच होती.

"तिनं त्या दिवशी सतरा नंबर असा चढवला," ते म्हणाले, "की तू तोंड उघडायच्या आधीच मला भरून आलं. नंतर तूही चांगला बोललास. पण पाणी आलं ते आधी."

ताईला वाटलं, आपण शिडीवरून खाली पडतोय. ज्या पाण्यावर ती सत्तावीस वर्षं जळली ते तिचंच होतं. तिनं आपल्याच दिव्याचा सूड घेतला होता. तिला हसावं की रडावं कळेना. म्हणून तिनं आधी कपबशा गोळा केल्या.

"सूनबाई," अप्पा म्हणाले, "हे पाकीट उद्या कुलगुरूंच्या हातात दे. चिकटवलेलं नाही, वाचायचं असेल तर वाच. नाहीतरी वाचशीलच."

वहिनीनं कागद काढला. वाचला. पुन्हा वाचला. "ताईंचं नाव आहे," ती म्हणाली. हे बोलायला तिला जड गेलं, पण तिनं काही कापलं नाही.

"हे कधी लिहिलंत?" ताईनं विचारलं.

"सकाळी. इथे यायच्या आधी."

"म्हणजे मी वहीत लिहिलं नसतं तरी?"

"तरी. फक्त मग रोज सकाळी तुझी पाटी वाचताना मला ती न लिहिलेली चूक खटकली असती. सहा वर्षं खटकतेय."

आत्यानं ताईच्या पाठीवर थाप मारली, चिमणी येऊन गळ्यात पडली. "आई, मी मामाकडेच राहणार हं, पण मला तुझ्याकडे दिवे शिकायचेत," ती कानात म्हणाली. त्या सगळ्या गडबडीत वही कुणाकडे गेली हे कुणी पाहिलं नाही.

ती धाकट्याकडे होती. त्याच्या एकट्याचीच ओळ राहिली होती. तो वही घेऊन उठला आणि सगळ्यांकडे पाठ करून रिकाम्या स्टेजवर जाऊन उभा राहिला. बाहेर संध्याकाळ झाली होती, गोदामाच्या त्या टोकाला खिडकी नव्हती. त्यानं पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग त्यानं मान वळवून अप्पांकडे एकदा बघितलं.

तो चेहरा ताईनं ओळखला. वरून शांत, ओठ मिटलेले, आणि डोळ्यांत ते जळणं. तिनं तो आरशात सत्तावीस वर्षं पाहिला होता. खरं सांगायचं तर क्षणभर तिला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. मग तिला आठवलं, की हे घेऊन घरी जायचं म्हणजे काय असतं, जेवताना, झोपताना, माणसांत हसताना.

"वहिनी, मेन स्विच चालू आहे का गं?"

"आहे, ताई."

"इथे काही दिसत नाहीये," धाकटा तिकडून म्हणाला.

"पाय बघ कुठे आहेत तुझे," ताई म्हणाली.

त्यानं खाली बघितलं. सवयीनंच गेला होता तो. पायाखाली पितळी खिळा होता.

डिमरची पेटी भिंतीवरून काढायची सगळ्यात शेवटी राहिली होती. ताई तिच्याशी जाऊन बसली, आपल्या जागेवर. सतरा नंबरच्या दांडीवर हात ठेवला. वर तो एकटाच दिवा, तिनं स्वतःच्या हातानं अडकवून ठेवलेला. चाकं करकरत अप्पांची खुर्ची तिच्या शेजारी येऊन थांबली. तिनं दांडी घाई न करता, त्या सकाळी चढवली होती तशी, वर न्यायला सुरुवात केली. आधी धाकट्याचे खांदे दिसले, मग वही, मग पेन धरलेला हात. तो लिहायला लागला.

अप्पा कुठे बघतायत हे पाहायला ताईनं या वेळी मान वळवली नाही.